विमानाला वेल्डिंग का करत नाहीत? अजून रिव्हेटच का मारतात?

पत्रेवाला_सातपूर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

नाशकात सातपूरला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, वडिलांनी चालू केलेलं, पॅनल, डक्ट, टाक्या, हॉटेलांची एसएसची किचनं असलं सगळं पत्राकाम करतो. टिग वेल्डिंग मी स्वतः करतो आणि बरं करतो (गिऱ्हाईकं असं म्हणतात, बायको म्हणते डोळे घालवशील). तर परवा दिल्लीहून येताना नेमकी पंखावरची खिडकी मिळाली आणि दोन तास मी दुसरं काही केलंच नाही, पंखच बघत बसलो. ओळीनं रिव्हेट, नुसते रिव्हेट, कुठंकुठं दोन ओळी, आणि एके ठिकाणी चक्क पत्र्याचं ठिगळ आणि त्याला चारी बाजूंनी परत रिव्हेट. शेजारी पुतण्या होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणाला काका तुम्ही तर शॉपमध्ये म्हणता रिव्हेट म्हणजे जुगाड आणि वेल्डिंग म्हणजे पक्कं काम, मग एवढ्या कोटींच्या विमानाला जुगाड कसा काय. माझी बोलती बंद.

आमच्या डोक्यावरून ओझरच्या विमान कारखान्यातली सुखोई रोज जातात, ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहूनच ते तेजस मार्क १ए उडालं तेव्हा आख्खी एमआयडीसी गच्चीवर होती, पण आतमध्ये हे जोडतात कसं ते कधी डोक्यातच आलं नाही. तर जाणकारांनो, वेल्डिंग का नाही? एवढे रिव्हेट माणूस हातानं मारतो का? आणि गाड्यांच्या कारखान्यात रोबोट येऊन किती वर्षं झाली, मग इथं काय अडलंय? या धंद्यात खरे शोध कुठले लागलेत ते पण सांगा, इंजिनाचे नकोत, पत्रा जोडायचे.

टवाळ_नं_१

फेव्हिकॉल का लावत नाहीत हा माझाही जुना प्रश्न आहे. जागा धरून बसलोय.

डॉलीवाले काका

अरे पत्रेवाल्या, पुतण्या हुशार आहे, पण "रिव्हेट म्हणजे जुगाड" हे वाचून इथं एका माणसाचा चहा गार झाला. ३१ वर्षं विमानाच्या कारखान्यात पत्रा विभागात काढली मी, कुठल्या ते विचारू नकोस, सगळ्यांच्या पेन्शनी चालू आहेत.

आधी वेल्डिंगचं. तू टिगनं जे अल्युमिनियम जोडतोस ते ५०५२ नाहीतर ६०६१ असणार, ते ऐकतं. विमानाचा पत्रा म्हणजे २०२४, पंखाच्या वरच्या अंगाला ७०७५ च्या घराण्यातला, त्याला टॉर्च लावलीस तर टाका थंड होता होता मधोमध चिरतो. आणि नाही चिरला तरी शेजारच्या पट्टीचा जीव जातो. कारण या धातूची ताकद मुरवून आलेली असते, लोणच्यासारखी. १९०६ साली आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन माणूस तांबं घातलेल्या अल्युमिनियमवर प्रयोग करत होता, तुकडा तापवला, पाण्यात विझवला, थोडा मऊच लागला, शनिवार होता म्हणून तसाच ठेवून घरी गेला आणि सोमवारी बघतो तर तुकडा पडल्या पडल्या कडक झालेला. त्यातून ड्युराल्युमिन आलं आणि त्यावर आख्खा विमानधंदा उभा राहिला. तू टॉर्च लावलीस की ते मुरलेलं सगळं त्या जागी मातीमोल, परत मुरवायचं तर आख्खा पंख भट्टीत घालावा लागेल.

आता गंमत अशी की रिव्हेटसुद्धा याच धातूचे. त्यातले २०२४ चे जे असायचे ते तापवून विझवून लगेच बर्फपेटीत ठेवायचे, कारण गारठ्यात मुरणं थांबतं. पेटीतून काढला की दहा ते वीस मिनिटं तुमची, तेवढ्यात मारला तर मारला, नाहीतर तो कडक होतो आणि मारायला गेलं की डोकं फुटतं. पोरगं डबा घेऊन पळत यायचं आणि आम्ही ओरडायचो अरे आण लवकर. जे मऊ असायचे, २११७ चे, त्यांच्या डोक्यावर बारीक खळगा असतो, गालावरच्या खळीसारखा, बोट फिरवलं की अंधारातही कळतं कुठला आहे.

मारायचं कसं, तर दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन लावतो, दुसरा आतून डॉली धरतो, डॉली म्हणजे घासून गुळगुळीत केलेला लोखंडाचा ठोकळा, बाकी काही नाही. आतला माणूस पंखाच्या पेटीत अर्धा घुसलेला, गनच्या आवाजात बोलणं अशक्य, मग पत्र्यावर टकटक करायची. एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला, काढ. माझ्या जोडीदाराबरोबर मी वर्षाला जेवढं बायकोशी बोललो नसेन तेवढं टकटक बोललोय. आतलं डोकं बसलं की त्याची रुंदी रिव्हेटच्या दीडपट आणि उंची अर्धी, गेज न लावता नजरेला कळायला मला तीन वर्षं लागली.

पण खरं सांगू का, रिव्हेट मारणं हे काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं. कठीण काम भोकाचं. विमान जोडणं म्हणजे लाखो भोकं पाडणं आणि प्रत्येक भोक सरळ, गोल, बरोबर मापाचं आणि दोन्ही पत्र्यांत एका रेषेत असणं. दोन पत्रे एकत्र धरून ड्रिल मारलंस की मध्ये बर (भोकाच्या काठावर उठलेली धातूची धार) येते, बुरा अडकतो, म्हणून मग सगळं परत सोडवायचं, प्रत्येक भोकाची बर काढायची, पुसायचं, सीलंट लावायचं, परत जोडायचं आणि मग रिव्हेट. आणि हे परत जोडताना भोकावर भोक यायला पाहिजे, तिथं कामाला येतो तो क्लेको. आम्ही जुने लोक स्किन पिन म्हणायचो. पक्कडीनं दाबला की दोन पाय जवळ येतात, भोकात घातला, सोडला की पाय फाकतात आणि पत्रे घट्ट. चांदीच्या रंगाचा ३/३२ ला, तांब्याचा १/८ ला, काळा ५/३२ ला, पितळी ३/१६ ला. क्लीव्हलँडच्या न्यूमॅटिक टूल कंपनीवरून ते नाव पडलं. मला विचारशील तर विमानाच्या पत्राकामातला सगळ्यात मोठा शोध हा एवढासा पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या किमतीचा (आमच्या वेळी) खिळा, कारण त्यानं पत्र्याला कच्चा टाका घालता येतो. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल, आधी कच्चा टाका मग पक्का.

माझी एक चूक पण सांगतो. नवीन होतो, एका रिबवर (पंखाच्या आतली फासळी) कडेच्या ओळीत ड्रिल जरा तिरपं गेलं, मी शहाणपणा केला आणि सरळ करायला परत मारलं, तर भोकाचा झाला मराठी चार. भोक मोठं झालं तर एक माप वरचा रिव्हेट घालता येतो, ती परवानगी मिळते, पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या दुप्पट तरी अंतर लागतं आणि वरचं माप घेतलं की ते अंतर मावेना. इन्स्पेक्टरनं लाल खडूनं गोल केला आणि काही न बोलता निघून गेला. आख्खी रिब गेली. तो गोल मला अजून दिसतो.

इतिहासाचा_किडा

काका, एक नंबर! टवाळांनी फेव्हिकॉलचा विनोद केलाय पण विमानं खरोखर चिकटवलेली आहेत हो. दुसऱ्या महायुद्धातलं डी हॅविलंड मॉस्किटो आख्खं लाकडाचं, प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, आणि फ्यूजलाज (विमानाचं धड) शेंगेसारखं दोन फाकांमध्ये बनवायचे, डावी फाक उजवी फाक, दोन्ही उघड्या असतानाच आतलं वायर-नळ्यांचं बरंचसं काम उरकायचं आणि मग मिटवायचं. किती साधी आयडिया आहे! बंद डब्यात हात घालून काम करण्यापेक्षा डबाच नंतर बंद करा. धातूला धातू चिकटवायचा रेडक्स नावाचा डिंकही इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइननं त्याच काळात, १९४१ च्या सुमारास काढला.

आणि रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडवायचं की वर ठेवायचं यावरून स्पिटफायरच्या वेळी झालेला प्रयोग तर मला फार आवडतो. बुडवलेलं डोकं हवेला अडत नाही पण करायला वेळ लागतो, गोल डोकं पटकन होतं. मग किती फरक पडतो बघायला काय केलं, तर तयार विमानाच्या प्रत्येक बुडव्या रिव्हेटवर अर्धा वाटाणा चिकटवला, सुकवलेला फोडलेला वाटाणा, आणि उडवलं. ताशी २२ मैलांनी वेग कमी. मग थोडेथोडे वाटाणे काढत काढत परत परत उडवलं आणि कुठल्या ओळीत गोल डोकं चालेल आणि कुठल्या ओळीत अजिबात नाही ते ठरवलं. डाळ-वाटाण्यावर झालेलं एवढं स्वस्त संशोधन दुसरं नसेल.

पण हे डोकं बुडवणंच पुढं अंगाशी आलं. १९८८ च्या २८ एप्रिलला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत हवेत असताना उडालं, पुढचा जवळजवळ सहा मीटरचा भाग उघडा, एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली, तिच्याशिवाय बाकी सगळे वाचले कारण वैमानिकांनी तसंच उतरवलं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. तिथला सांधा चिकटवलेला आणि वर रिव्हेट मारलेला असा दोन्ही होता. डिंक खाऱ्या हवेत सुटला आणि सगळा भार रिव्हेटवर आला, आणि पत्रा होता इंचाच्या ३६ हजारांश जाड, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, त्यात डोकं बुडवायला केलेला उतार पार खालपर्यंत गेलेला, म्हणजे भोकाची खालची कड सुरीच्या धारेसारखी झाली. त्या धारेपासून चिरा निघाल्या आणि एका भोकाची चीर पुढच्या भोकाच्या चिरेला मिळत गेली. कॉमेट या ब्रिटिश जेट विमानाचं १९५४ चं हवेत फुटण्याचं प्रकरणही छतावरच्या अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्याशी असलेल्या एका भोकापासूनच सुरू झालं होतं. तेव्हा काकांचं भोकाचं म्हणणं शंभर टक्के.

टवाळ_नं_१

म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता तर. कृपया नोंद घ्यावी.

गच्चीवरचा_पायलट

कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव अजून कसं कुणी काढलं नाही? इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं माणसानं, २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियाला ठेवलं होतं तेव्हा मी बघितलंय, जवळ जाऊन रिव्हेटवर हात पण फिरवला (सिक्युरिटीवाला ओरडला).

काकांना एक प्रश्न, रशियन लोक मिगला वेल्डिंग करायचे असं ऐकलंय ते खरं का?

पावसाळी_सिएटल

मिगचं मी सांगतो. मिग-२५ हो, पण ते स्टीलचं होतं. आवाजाच्या अडीचपट वेगाला अंग एवढं तापतं की अल्युमिनियमचा मुरांबा होईल, म्हणून निकेल स्टील, आणि स्टीलला वेल्डिंग चालतं. १९७६ ला बेलेंको नावाचा वैमानिक ते घेऊन जपानात हाकोदाते विमानतळावर पळून आला तेव्हा अमेरिकनांनी खोलून बघितलं, हातानं केलेले टाके आणि जिथं हवेला फरक पडत नाही तिथं सरळ वर आलेली रिव्हेटची डोकी, आधी हसले, मग लक्षात आलं की हा आळस नसून हिशोब आहे.

आणि अल्युमिनियमलाही आता वेल्डिंग आहे बरं का. १९९१ ला केंब्रिजच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत फ्रिक्शन स्टर वेल्डिंग निघालं, एक फिरती दांडी दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसवायची आणि पुढं ढकलत न्यायची, धातू वितळतच नाही, पुरणासारखा मऊ होऊन घाटला जातो. एक्लिप्स ५०० या छोट्या जेटमध्ये हजारो रिव्हेटच्या जागी ते वापरलं. एअरबसनं ए३१८ च्या पोटाकडच्या पॅनलवर स्ट्रिंगर (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या) लेसरनं वेल्ड केले. म्हणजे पत्रेवाले, तुमचा धंदा अगदीच बाद नाही. पण तरी पंखाला फ्यूजलाज जोडताना, फ्यूजलाजचे तुकडे एकमेकांना जोडताना परत भोक आणि परत बोल्ट. एक तर त्याची तपासणी सोपी, दुरुस्ती सोपी (तुम्ही बघितलं ते ठिगळ), आणि चीर एका पत्र्यात धावली तरी सांध्याशी येऊन थांबायची शक्यता असते, अखंड वेल्ड केलेल्या अंगात ती आरपार पळते.

आता रोबोटचं. मी इथं एका सप्लायरकडे टूलिंगमध्ये आहे, कंपनीचं नाव घेणार नाही, पण खालचं सगळं पेपरात आलेलं आहे. पंखांचं रिव्हेटिंग कधीच मशीनवर गेलंय. पंखाचं पॅनल जवळजवळ सपाट असतं, दोन्ही बाजूंनी मशीन जाऊ शकतं. बफेलोच्या जेमकोरची ड्रिव्हमॅटिक मशीनं किती तरी दशकं तेच करतायत, दाबून धर, भोक पाड, उतार कर, रिव्हेट घाल, दाब, पुढं सरक, एका दमात. दाबून धरल्यामुळे दोन पत्र्यांत बर येतच नाही, म्हणजे काकांचं ते सोडवा-पुसा-परत जोडा वाचलं. १९८६ ला इथंच जवळ मकिल्टिओला पीटर झीव्हनं इलेक्ट्रोइम्पॅक्ट काढली, त्यांचं रिव्हेटिंग हातोड्यानं नाही तर विजेच्या एका झटक्यानं. तांब्याच्या चपट्या कॉइलमध्ये कपॅसिटर रिकामा करायचा, समोरच्या तांब्याच्या तबकडीत उलटा प्रवाह येतो आणि ती लाथ मारल्यासारखी पुढं जाते. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी लाथ, त्यामुळे पॅनल हलत नाही.

फ्यूजलाज मात्र नळा आहे, आतून पण जायला लागतं, आणि तिथं बोइंगनं हात पोळून घेतले. ७७७ साठी एफएयूबी नावाची लाइन टाकली, फ्यूजलाज पोट खाली असं सरळच ठेवायचं, आडवंतिडवं फिरवायचं नाही, आतून एक कुका रोबोट आणि बाहेरून एक, एका विमानाची साधारण ६०,००० भोकं आणि फास्टनर (रिव्हेट, बोल्ट असं सांधा धरणारं काहीही) त्यांनी करायचे. काकांची आणि जोडीदाराची जोडीच समजा, फक्त टकटक नाही. आणि नेमकं तेच अडलं, आतला आणि बाहेरचा एकमेकांशी जुळेनात, अर्धवट कामं निघायची, मग माणसं रात्री ते हातानं पुरं करायची, ओव्हरटाइम वाढला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी रोबोट काढले आणि फ्लेक्स ट्रॅक आणला. म्हणजे फ्यूजलाजच्या बाहेरून पट्ट्यासारखे लवचिक रूळ चिकटवायचे, व्हॅक्यूमच्या वाट्यांनी, त्यावरून छोटं ड्रिलिंग मशीन सरकत जातं आणि भोकं पाडतं, आतून माणूस फास्टनर बसवतो. मला विचाराल तर हार अशी नव्हतीच ती, मशीनला जे जमतं (भोक) ते मशीनला आणि माणसाला जे जमतं (अडचणीत हात घालून अंदाज घेणं) ते माणसाला, ही वाटणी आधीच करायला पाहिजे होती.

अजून एक, गाडीशी तुलना नको. गाडी वेल्डिंगच्या लाइनवर मिनिटाला एक निघते, तिचे तुकडे प्रेसमधून येतात आणि सगळे सारखे. विमानाचा दहा मीटरचा अल्युमिनियमचा तुकडा दहा अंश तापमान वाढलं की २.३ मिलिमीटर लांब होतो. भोकाची सूट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते! सकाळचं विमान आणि दुपारचं विमान वेगळ्या मापाचं. म्हणून लेसर ट्रॅकर लागतो, आरशाच्या गोळीमागं लेसर धावतो आणि दहा मीटरवरून केसाएवढं माप सांगतो, १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मानक संस्थेत कॅम लाऊ यांनी तो बनवला. मी रोज वापरतो आणि रोज आश्चर्य वाटतं.

कार्बनवाली

दादा, मी नागपूरची, मिहानजवळ राहते, कंपोझिटमध्ये (कार्बनचे धागे आणि रेझिन) काम करते, म्हणून दोन शब्द. ७८७ च्या जमिनीखालचे कार्बनचे फ्लोअर बीम आमच्या मिहानमधून जातात हे नागपूरच्या लोकांनाच माहीत नसतं, ते आपले संत्र्यांबद्दलच सांगत बसतात.

वजनानं अर्धं ७८७ कार्बन फायबरचं आहे, फ्यूजलाजचे आख्खे नळे एकेक तुकड्यात बनतात, फिरत्या साच्यावर मशीन टेप गुंडाळत जातं आणि मग सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा कुकर समजा, १८० डिग्रीच्या आसपास आणि वरून हवेच्या सहा-सातपट दाब. काकांच्या बर्फपेटीसारखंच आमचंही आहे बरं का, तो टेपचा कच्चा माल उणे १८ ला ठेवायचा, बाहेर काढला की घड्याळ सुरू, रोलवर चिठ्ठी असते किती तास बाहेर होता त्याची. ती चिठ्ठी भरायला विसरणाऱ्यावर आमच्याकडं सगळे तुटून पडतात.

तर लोकांना वाटतं कार्बन आलं म्हणजे भोकं संपली. काहून संपतील बाप्पा? पॅनलच्या आतले सांधे गेले, हजारो रिव्हेट वाचले, पण नळ्याला नळा जोडायचाच आहे, आणि कार्बनला भोक पाडणं पत्र्यापेक्षा वाईट. ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर सोलून निघतो, केळीच्या सालीसारखा, आणि वरून दिसत पण नाही, अल्ट्रासाउंड लावायचं. कार्बन ड्रिलची धार खाते. पत्र्यात एक ड्रिल दिवसभर चालेल, आमच्याकडं ड्रिल डोळ्यांनी बघून बदलतच नाही, भोकं मोजून बदलतो, ठरलेला आकडा झाला की धारदार दिसलं तरी काढून टाकायचं. सुरुवातीला मला फार जीवावर यायचं एवढं महागाचं ड्रिल टाकायला. आणि अल्युमिनियमचा रिव्हेट कार्बनमध्ये घातला तर गंजून जातो, दोघांची बॅटरी होते, म्हणून फास्टनर टायटॅनियमचे.

त्यातला हाय-लॉक बघितला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली होती. पिन घालायची, वरून कॉलर फिरवायची, कॉलरच्या टोकाला षटकोनी डोकं असतं, जेवढा पीळ हवा तेवढा बसला की ते डोकं आपोआप तुटून हातात येतं. टॉर्क रेंच नको, अंदाज नको. तुटलेली डोकी मोजली की किती बसले ते कळतं, म्हणजे विसरलेला फास्टनर पण सापडतो. ज्यानं कुणी शोधलं त्याच्या घरी पोरं दप्तर विसरत असणार.

आणि शिमबद्दल कुणीच बोललं नाही. दोन मोठे कार्बनचे तुकडे कधीच तंतोतंत बसत नाहीत. पत्रा बोल्टनं ओढून घेता येतो, थोडा वाकतो बिचारा, कार्बनला ओढलं तर तो आतल्या आत तणाव धरून बसतो. म्हणून मधली फट मोजून तेवढ्या जाडीची पट्टी घालायची. ७८७ च्या सांध्यात इंचाच्या पाच हजारांशापेक्षा मोठी फट राहिली, म्हणजे जेमतेम कागदाएवढी, आणि तेवढ्यावरून २०२१ पासून बहुतेक डिलिव्हरी अडकल्या त्या २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुटल्या. लगेच धोका नव्हता, पण वीस-तीस वर्षांनी त्या सांध्याचं काय होईल याचा तो हिशोब.

पावसाळी_सिएटल

कार्बनवाली, +१. शिमवर मी मुद्दाम बोललो नव्हतो, रात्री झोप लागत नाही. फास्टनरवरून आठवलं, ७८७ चं पहिलं दर्शन ८ जुलै २००७ ला झालं, तारीख अमेरिकन पद्धतीनं ७-८-०७ जमावी म्हणून. फास्टनरचा तुटवडा होता म्हणून ते तात्पुरते घालून उभं केलेलं, आत जवळजवळ रिकामं. खरं उड्डाण व्हायला २००९ चा डिसेंबर उजाडला. मुहूर्ताचं वेड आपल्यालाच आहे असं नाही.

पत्रेवाले, तुमच्या "खरे शोध" या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त आवडलेलं सांगतो. आधी प्रत्येक विमानाला खोलीएवढे जिग (तुकडे जागेवर धरणारे सांगाडे) लागायचे, तुकडे कुठं बसायचे ते जिग ठरवायचा. आता तुकडे इतके नेमके मशीन होतात की भोकच सांगतं शेजारच्यानं कुठं बसायचं, पूर्ण मापाची भोकं आधीच दोन्ही तुकड्यांत, भोकात भोक आलं की झालं जमलं. बोइंग आणि साबचं टी-७ हे प्रशिक्षण विमान असं जोडतात, पुढचा आणि मागचा भाग अर्ध्या तासात एकमेकांना लागतो.

डॉलीवाले काका

म्हणजे कच्चा टाका पण गेला. चांगलं आहे. मला बघायला मिळालं पाहिजे एकदा.

पत्रेवाला_सातपूर

सगळ्यांचे आभार, काल रात्री पुतण्याला सगळा धागा वाचून दाखवला, तो म्हणाला चला करून बघू. तर आज रविवार, शॉप बंद, एक मिलिमीटरचे अल्युमिनियमचे दोन तुकडे घेतले, ३.२६ चं ड्रिल (काकांचं ते १/८ रिव्हेटचं नंबर ३०), पुतण्यानं हातड्रिलनं एका ओळीत ५० भोकं पाडली. शेजारच्या टूलरूमवाल्याकडून दोन पिना टर्न करून आणल्या होत्या, एक जायला पाहिजे आणि एक जायला नको अशा. जायला नको ती पिन १७ भोकांत आरामात गेली. आणि हा पोरगा वर्कशॉपला डिस्टिंक्शन आहे. सोडवून बघितलं तर मध्ये बर अशी की नखाला लागते.

मग मी एक ठोकळा केला, त्यात कडक बुश (ड्रिलला सरळ धरणारी नळी) बसवली, ठोकळा पत्र्यावर दाबून धरायचा आणि बुशमधून ड्रिल घालायचं. परत ५० भोकं. या वेळी नको ती पिन फक्त ३ भोकांत गेली. सतरावरून तीनवर! पुतण्याच्या चेहऱ्यावरचं बघण्यासारखं होतं. रिव्हेट अजून एकही मारला नाही, डॉली म्हणून काय घेऊ ते पण सांगा, माझ्याकडं जुन्या रुळाचा तुकडा आहे.

डॉलीवाले काका

रूळ चालेल, तोंड घासून आरशासारखं कर, नाहीतर प्रत्येक रिव्हेटवर त्याचा छाप उमटेल. पण आधी सांग, ती तीन भोकं कुठली? ओळीत विखुरलेली असतील तर हात. सलग असतील तर दुसरं काहीतरी.

पत्रेवाला_सातपूर

४८, ४९ आणि ५०.

कार्बनवाली

ड्रिल नवीन होतं का दादा?

पत्रेवाला_सातपूर

पहिल्या पन्नासलाही तेच होतं. बदलतो.